कणगीची शेवटची आवृत्ती

सांगलीत विश्रामबागेतल्या ज्या इमारतीत शलाका आरवाडे राहायची, तिथं ती नेमकं काय काम करते हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या सुभेदार खोतांनी एकदा जिन्यात तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, "कर्नल परत बदलला, आता माझं सगळं अडलंय." तेव्हापासून ते तिला फार अदबीनं नमस्कार करायचे. शेवटी एक दिवस त्यांनी विचारलंच, "मॅडम, हे कर्नलसाहेब कुठल्या पलटणीचे?"

शलाका इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मग तिथंच बसून तिनं त्यांना समजावलं.

फोन असो, मोटार असो की दवाखान्यातलं यंत्र, त्याच्या तळाशी एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नल म्हणतात. संस्थानाच्या कारभाऱ्यासारखा. कुणाला किती जागा, कुणाला किती वेळ, कुणी कुणाच्या वाटेत यायचं नाही, हे सगळं तो बघतो. त्याच्या हाताखाली एक कोठीवाला असतो. आलेला माल कुठं ठेवला आणि मागितला की कुठून काढायचा, हे त्याला माहीत. या कोठीवाल्याला म्हणायचं फाइल सिस्टिम. कारभारी बदलला की त्याची हुकूम द्यायची रीत बदलते, आणि ती कोठीवाल्याला नव्यानं शिकावी लागते. नाही शिकला तर कोठीला कुलूप. धान्य आत असतं, पण दाणा बाहेर येत नाही.

"म्हणजे तुम्ही कोठीवाल्याला शिकवता," सुभेदार म्हणाले.

"तेवढंच करते. पण कारभारी दर पंधरा दिवसांनी बदलतो हो."

ते खरं होतं. पूर्वी कर्नल माणसं लिहायची. बदल करायचे तर वर्षभर आधी चर्चा व्हायची, भांडणं व्हायची, कुणीतरी रुसून जायचं. आता कर्नल यंत्रच लिहितं आणि यंत्रच तपासतं. दर दुसऱ्या गुरुवारी नवी आवृत्ती. शरीरात बसवलेली आणि जाळ्याला जोडलेली उपकरणं ताज्या कर्नलवरच चालवायची, असा कायदा होता. घातपात्यांनी एकदा पेसमेकर बंद पाडून दाखवल्यापासूनचा. आणि अशा उपकरणातल्या प्रत्येक भागाची जबाबदारी एका नावागावाच्या माणसानं सही करून घ्यायची, हाही कायदाच. शलाकाच्या सहीनं चालणारा भाग एकच होता, एक छोटी फाइल सिस्टिम. त्याचं नाव कणगी.

कणगी सन्मतीनं लिहिली होती. सन्मती म्हणजे शलाकाचा नवरा. दोघं एकाच कॉलेजात, एकाच बाकावरचे. लग्न झालं, ऋजुता झाली, आणि एकदा स्वयंपाकघरात शलाकाच्या हातून स्टीलचं ताट पडलं. ती स्वतः दचकली, सन्मती बाहेरून धावत आला, आणि दारात बसलेली ऋजू आपल्या ठोकळ्यांवरून मान वर न करता खेळत राहिली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ताट बराच वेळ जमिनीवरच पडून होतं.

मिरजेला शस्त्रक्रिया झाली. कानातल्या शंखात सर्जननं तारेचा बारीक दोरा सरकवला. निरोगी कानात ध्वनी पकडणाऱ्या हजारो पेशी असतात. त्यांचं काम या दोऱ्याची बावीस टोकं करणार. म्हणजे चाळणीतून चित्र बघण्यासारखंच. म्हणून यंत्र बनवणाऱ्या कंपनीनं एक हुशारी केली होती. कानामागच्या डबीनं घरातल्या माणसांचे आवाज लक्षात ठेवायचे, त्यांचे ठसे साठवायचे, आणि ओळखीचा आवाज आला की चाळणीची भोकं त्या ठशांतून भरून काढायची. कल्पना उत्तम, पण बॅटरी उतरली की डबी सगळं विसरायची. दर वेळी ऋजूला आपल्या आईचा आवाज परका व्हायचा आणि ती भेदरून रडायची.

सन्मती चिडला. कंपनीला मेलवर मेल पाठवून झाल्यावर म्हणाला, "यांच्या कोठीलाच बूड नाही. मी करतो." चार महिने त्यानं आंघोळीच्या वेळासुद्धा पाळल्या नाहीत. त्याच्या कणगीचा नियम एकच होता. तळातलं धान्य हलवायचं नाही. नवा ठसा जुन्याच्या वर, त्याच्यावर पुढचा, आणि पुसायचं काहीच नाही. जागा वाचावी म्हणून वरच्या प्रत्येक थरात खालच्यापेक्षा वेगळं काय, तेवढंच लिहायचं. कंपनीनं ती कणगी आनंदानं स्वीकारली. काही वर्षं जगभरातली हजारो मुलं कणगीतून ऐकत होती, आणि सन्मती रस्त्यानं चालताना उगीचच छाती काढून चालायचा.

ऋजू नववीत असताना डेंग्यूनं तो गेला. पुढं कंपनीही बुडाली. बाकीच्या मुलांनी मोठं होऊन नवी यंत्रं घेतली. शलाकाच्या माहितीप्रमाणे कणगी वापरणारं आता एकच माणूस उरलं होतं. ते तिचंच.

दर दुसऱ्या गुरुवारी सकाळची कामं उरकली की ती संगणकापुढं बसायची. मदतनीस यंत्र नव्या कर्नलची यादी वाचून दाखवायचं आणि शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायचं, "सल्ला: नव्या साठवणीत स्थलांतर करावं." शलाका म्हणायची, "ऐकलं," आणि सन्मतीचा कोड उघडायची. त्यात त्यानं जागोजागी टिपा लिहून ठेवल्या होत्या. "इथं हात लावू नये. मीही लावत नाही." पुढं एका किचकट ठिकाणी, "हे का चालतं ते कळत नाही, पण चालतंय. चहा घेऊन येतो." त्या ओळीपर्यंत आली की शलाका उठून चहा टाकायची. तो घोट घेत कोड वाचताना, पलीकडच्या खुर्चीत कुणीतरी पाय हलवत बसलंय असं तिला वाटायचं. बाकीच्या दिवसांत फोटोला हार घालूनही तसं वाटायचं नाही.

त्या वर्षी आषाढाच्या सुमाराला यादीत एक वेगळंच कलम आलं. नव्या पिढीच्या मेमरीत माल एकामागून एक जात नाही, सगळीकडे एकाच वेळी पसरतो. म्हणून पुढच्या मोठ्या आवृत्तीपासून कर्नल क्रमाचं वचन देणार नव्हता. आधी दिलेलं आधीच लिहिलं जाईल, हे वचन. कणगी उभीच त्यावर होती. खालचा थर पक्का बसल्याशिवाय वरचा टाकायचा तरी कसा?

"सल्ला," यंत्र म्हणालं.

"गप्प बस," शलाका म्हणाली.

तिनं त्यावर सारा पावसाळा घालवला. गुरुवारची वाट न बघता ती रोज बसू लागली. प्रत्येक थराला आपल्या खालच्याची खूण बांधायची आणि उलगडताना त्या खुणांवरून क्रम लावायचा, अशी युक्ती तिला सुचली. तीनदा फसली, चौथ्यांदा कपाटातल्या जुन्या डबीवर सगळे थर सुरळीत उघडले. साठीला टेकलेली बाई खोलीत एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिली. मग तिनं ऋजूला फोन लावला.

ऋजू नाशिकला असायची. तिथल्या एका कंपनीत ती आराखडे काढायची. नवरा तेजस शिक्षक होता, आणि अडीच महिन्यांची लेक होती. बारशात तिचं नाव अन्विता ठेवलं होतं, पण सगळे तिला चिऊच म्हणत.

"ऋजू, जमलं बघ! कणगी नव्या कर्नलवर चालली. पुढची दहा वर्षं तरी काळजी नाही."

 मग ऋजू म्हणाली, "आई, तू येतेस का इकडं? फोनवर नको."

शलाका दुसऱ्याच दिवशी एसटीत बसली. एसटी आता चालकाशिवाय चालायची, पण कंडक्टर होता आणि तो पूर्वीसारखाच सुट्ट्या पैशांवरून कुरकुरत होता. शलाकाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. नाशिक येईपर्यंत तिनं मनात नाही नाही ते आणलं.

घरी पोचल्यावर ऋजूनं आधी तिला जेवायला वाढलं. तेजस चिऊला घेऊन खाली गेला. मग ऋजू समोर बसली.

"आई, मला चिऊचं रडणं ऐकू येत नाही."

"म्हणजे? डबी बिघडली? मला आधी सांगायचं नाही का—"

"डबी चांगली आहे. मला मांजर ऐकू येतं."

शलाकाला कळेना. ऋजू सावकाश सांगू लागली. "मागच्या आठवड्यात मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मांजर ओरडत होतं. बराच वेळ ओरडत होतं. मला बरंसुद्धा वाटलं, आपल्या सांगलीच्या घरामागची मनी आठवली. मी सगळे कपडे घातले, चिमटे लावले, आणि आत आले. चिऊ गादी आणि भिंतीच्या फटीत अडकली होती. तोंड निळं पडलं होतं तिचं."

शलाकानं तोंडावर हात ठेवला.

"बरी आहे ती. लगेच उचलली. पण ते मांजर नव्हतंच, आई. तीच रडत होती."

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टर कांकरियांकडे गेल्या. ऋजूच्या कानाच्या तपासण्या त्याच करायच्या. त्यांनी पडद्यावर थर उलगडून दाखवले. कणगी बसवल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत ऋजूला घरामागची मांजर सतत ऐकू यायची, म्हणून डबीनं तिलाही घरचंच माणूस धरलं होतं; तो ठसा अगदी तळाशी, घट्ट बसलेला होता. चिऊचं रडणं त्याच्या जवळपास जाणारं. आवाज चाळणीतून आला की डबी तळापर्यंत शोधायची आणि भोकं मांजरानं भरायची.

"यंत्र चुकत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. "फार चांगलं लक्षात ठेवतंय, एवढाच त्याचा दोष."

"मग तो ठसा काढून टाकते," शलाका म्हणाली. "मला येतं ते." म्हणता म्हणताच ती थांबली. येत नव्हतं. वरच्या प्रत्येक थरात फक्त खालच्याशी असलेला फरक होता. मांजर काढलं तर त्याच्यावरचं सगळं ढासळणार. ऋजूची शाळा, तिच्या मैत्रिणी, शलाका, सन्मती.

"नवं यंत्र रोजच्या रोज शिकतं आणि जुनं सोडून देतं," डॉक्टर म्हणाल्या. "बाळाचा आवाज ते दोन दिवसांत पकडेल. पण जुने ठसे त्यात नेता येणार नाहीत. वडिलांचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकता म्हणालात ना? ते नव्या यंत्रातून साध्या फोनच्या रेकॉर्डिंगसारखंच ऐकू येईल."

दोघी घरी आल्या. चहा झाल्यावर शलाकाच म्हणाली, "मी अजून बघते काहीतरी. महिना दे मला. तोवर तेजस आहे, मी राहते इथं, आम्ही लक्ष ठेवू चिऊवर."

"आई."

"वेगळी कणगी करू नुसती चिऊसाठी. दोन कोठ्या शेजारी शेजारी—"

"आई, मी ठरवलंय. पुढच्या सोमवारी बदलून घेणार आहे." ऋजूनं तिचा हात धरला. "मी लहान होते तेव्हा पप्पांनी आणि तू मला कसं ऐकू यावं ते ठरवलंत. चांगलं ठरवलंत. आता मला हिला ऐकायचंय."

"मग गुरुवारी मी काय करू?" शलाका बोलून गेली, आणि स्वतःच ओशाळली.

 ऋजूनं फोन काढला. "चल, एकदा ऐकू या."

ते रेकॉर्डिंग सन्मतीच्या शेवटच्या वर्षातलं होतं, अगदी साधं. "ऋजू, क्लासहून येताना भडंग आण. आणि वाटेत पुडा फोडू नकोस, मागच्या वेळी निम्माच आला होता घरी." मागे रस्त्यावरचे हॉर्न. शलाकानं ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला माणूस कधीच झिजून गेला होता. उरला होता तो डब्यातून आल्यासारखा पातळ आवाज. ऋजू मात्र डोळे मिटून हसत होती.

"तुला कसं ऐकू येतं ग?" शलाकानं विचारलं. इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलंच नव्हतं.

"कसं म्हणजे? पप्पा दारात उभे आहेत. चप्पल अजून काढायची आहे. आणि एका गालातून बोलतायत, तोंडात लवंग असल्यासारखे."

शलाका तिच्याकडे बघत राहिली. लवंग. सन्मतीच्या तोंडात दिवसभर लवंग असायची. शर्टाच्या खिशात पुडी, हाताला वास, गालाला फुगवटा. रेकॉर्डिंगमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. ते सगळं कणगीच्या तळातून येत होतं. आणि शलाका, जी त्याचा कोड दर दुसऱ्या गुरुवारी उघडून बसायची, ती लवंग साफ विसरून गेली होती.

"परत लाव," ती म्हणाली.

ऋजूनं परत लावलं. ती ऐकत गेली आणि एकेक सांगत गेली. 'पुडा' म्हणताना पप्पा हसू दाबतायत. 'घरी' म्हणताना मान वळवलीय, बहुतेक तुझ्याकडे. शलाकाला ऐकू येत होते नुसते हॉर्न, आणि लेकीचं बोलणं. शेवटी ती ऋजूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सन्मती गेला तेव्हा कागदपत्रं, ऋजूची शाळा आणि कंपनीची पत्रं यांच्या गडबडीत तिला असं रडायला सवड झाली नव्हती.

रविवारी तेजसच्या संगणकावर बसून तिनं कणगीची शेवटची आवृत्ती बांधली. नव्या कर्नलवर ती उघडत होती, वाचता येत होती. नवीन काही लिहून घेण्याची सोय तिनं काढून टाकली. ऋजूचे सगळे थर आत जसेच्या तसे राहतील, कुणाच्या कानाला मात्र ते लागणार नाहीत.

यंत्रानं विचारलं, "टिपा अनावश्यक आहेत. काढाव्यात?"

"राहू देत."

"सांभाळणं थांबवण्याचं कारण नोंदवावं."

 शलाकानं टाइप केलं: "वापरणाऱ्या व्यक्तीला आता दुसरं ऐकायचं आहे." खाली सही केली. मग उठली आणि चिऊला तेल लावायला घेतलं.

सोमवारी कांकरियांच्या दवाखान्यात सगळे जमले. नवी डबी ऋजूच्या करंगळीच्या पेराएवढी होती. डॉक्टर म्हणाल्या, "मी सुरू केलं की कुणीतरी बोला. आई, तुम्हीच बोला."

"नको," शलाका म्हणाली. "आधी चिऊ."

"या यंत्राला पहिल्या आवाजाचं काही महत्त्व नसतं हो. यात तळ नाही."

"नसू दे."

डॉक्टरांनी कळ दाबली. सगळे गप्प झाले. चिऊ शलाकाच्या मांडीवर पंख्याकडे टक लावून बघत होती आणि रडायचं नाव घेत नव्हती. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर! तेजसनं तिच्या तळपायाला हळूच गुदगुल्या केल्या. तिनं पाय ओढून घेतला आणि पुन्हा पंखा बघू लागली. डॉक्टर ओठ दाबून हसू आवरत होत्या. ऋजूनं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

आणि चिऊला शिंक आली.

ऋजू दचकली. मग खूप हसली. डोळ्यांतून पाणी आलं. "मांजर नाही," ती म्हणाली. "अजिबात मांजर नाही!"

"शतंजीव," शलाका सवयीनं पुटपुटली.

ऋजूनं मान वळवली. आधी दाराकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, मग आईकडं. "आई, तू बोललीस?"

"हो."

"परत बोल."

"काय बोलू? हिला म्हटलं शतंजीव. शिंकल्यावर म्हणतात ना."

ऋजूचं हसू हळूहळू उतरलं. "तुझा आवाज असा आहे?"

"कसा?"

"थकलाय. थरथरतोय शेवटी." तिनं तेजसकडे बघितलं. "हा असाच आहे? नेहमी?"

तेजसनं सावकाश मान डोलावली. शलाकाच्या तेव्हा ध्यानात आलं. सन्मतीसारखाच तिचाही आवाज कणगीच्या तळाशी होता. इतकी वर्षं ती काहीही बोलली तरी लेकीच्या कानात तिशीतलीच शलाका बोलायची, ठोकळे मांडून देणारी, खणखणीत.

"साठीला आले ग मी," ती म्हणाली. "आवाजाला वय व्हायचंच."

"तू रोज फोनवर म्हणायचीस, बरी आहे. मला ते बरंच ऐकू यायचं."

"बरीच आहे मी. अगदी बरी."

ते वाक्य ऋजूनं नव्या कानानं ऐकलं.  खुर्ची ओढून आईला खेटून बसली, आणि चिऊच्या पायावरून हात फिरवत राहिली.

संध्याकाळी तिनं विचारलं नाही की सुचवलं नाही. सरळ तेजसला आईचं बुधवारच्या एसटीचं तिकीट रद्द करायला सांगितलं. शलाका तिथंच चिऊचं दुपटं घडी करत बसली होती. ती नको म्हणाली नाही.